बाबांची वही आणि ३८०० नंबर

पत्र

मावशी, नमस्कार. गुहागरला आमचं सोळा खोल्यांचं हॉटेल आहे. बाबांनी सहा खोल्यांपासून सुरुवात केली होती. दीड वर्षापूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही जवळजवळ गेली. मी पुण्यातली आयटीतली नोकरी सोडून इथे आले. बाबांकडे पाहुण्यांची एक वही होती. मला ती जुनाट वाटली, म्हणून मी सीआरएमचं, म्हणजे गिऱ्हाइकांच्या नोंदी ठेवून त्यांना मेसेज पाठवणारं, सॉफ्टवेअर घेतलं. रजिस्टर, बुकिंग साइट आणि बाबांचा फोन यांतून ३८०० नंबर भरले. सणासुदीला ऑफर, वाढदिवसाला आणि लग्नाच्या वाढदिवसाला शुभेच्छा, सगळं आपोआप. गेल्या महिन्यात एका काकांना मेसेज गेला, ‘आपणा उभयतांना लग्नाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा, जोडप्यांसाठी १५ टक्के सूट.’ काकू मार्चमध्येच गेल्या होत्या. ही दोघं बावीस वर्षं माघात इथल्या व्याडेश्वराच्या देवळात येत होती. काकांनी एवढंच लिहिलं, ‘ती गेली. तुझ्या बाबांना कळवलं होतं.’ बाबांना खरंच फोन आला होता, पण ते मला सांगू शकले नाहीत. त्यानंतर आठवडाभरात व्हॉट्सअ‍ॅपने आमचा नंबरच बंद केला. निम्मी बुकिंगं आता साइटवरून येतात आणि २० टक्के कमिशन जातं. काकांना काय सांगू? सॉफ्टवेअर काढून टाकू का? साइटवरून येणारी माणसं आपली कशी होतील? वहीतल्या एका पानाचा फोटो सोबत पाठवते आहे.

उत्तर

आधी काकांना फोन कर. पुढचं सगळं त्यानंतर वाचलंस तरी चालेल.

फोनच कर, मेसेज नको. दुपारी चेक-आउट उरकलं की काउंटर दुसऱ्या कुणाकडे दे आणि आत जाऊन बस, म्हणजे मध्येच ‘एक मिनिट हं काका’ म्हणायची वेळ येणार नाही. आपण कोणाची मुलगी ते सांग आणि सरळ म्हण, ‘काकू गेल्याचं मला माहीत नव्हतं. माहीत करून न घेता माझ्या नावाने तो मेसेज गेला. माझं चुकलं.’ ‘सिस्टीममधून आपोआप गेला’ हे वाक्य तोंडात येईल, ते गिळ. ते खरं असलं तरी त्याचा अर्थ असा होतो की तो मेसेज जाताना त्यांचा विचार कुणीच केला नव्हता. त्यांना लागलं आहे ते नेमकं हेच. सूट देऊ नकोस, फुकट खोली देऊ नकोस. बाईच्या जाण्याची भरपाई खोलीच्या भाड्यात होत नाही आणि तसा प्रयत्न झाला की माणूस आणखी दुखावतो. बाबांची चौकशी त्यांनी केली, तर फोन बाबांच्या कानाला लाव. बाबांना बोलता येत नसेल, ऐकू तर येतं. त्या दोघांचा संबंध बावीस वर्षांचा आहे, तुझा दीड वर्षाचा. थोडा वेळ मध्ये येऊ नकोस.

आता वहीचं पान. मी एकतीस वर्षं हॉटेलांच्या फ्रंट ऑफिसला, म्हणजे काउंटरवर, काढली, मुंबईत आणि मग पुण्यात. पाहुण्यांच्या नोंदी ठेवणं हे माझं रोजचं काम होतं. तरी या पानावर मी बराच वेळ अडकले. बाबांनी लिहिलंय:

‘खाली २ नं. आजींना जिना नको. कांदा-लसूण नाही. पहाटे ५ ला गरम पाणी, ६ ला अभिषेक. ड्रायव्हरला आपल्या घरातलं जेवण.’

‘गाडी माडाखाली लावू नये सांगणे (मागे काच फुटली, पैसे आपण दिले).’

‘सून नवीन आहे. मासे खाते, सासूसमोर नको. विचारू नये, संध्याकाळी मागच्या बाजूला पान मांडणे.’

या तिसऱ्या नोंदीत हॉटेलचा सगळा धंदा आहे. बाबांनी कुणाच्या घरात नाक खुपसलेलं नाही. एका मुलीला दोन दिवस मनासारखं जेवता यावं आणि त्याचा बोभाटा होऊ नये, एवढं पाहिलं आहे. आता तुझ्या सॉफ्टवेअरचे रकाने आठव. नाव, मोबाइल, ईमेल, जन्मतारीख, लग्नाची तारीख, शेवटची भेट, एकूण खर्च. त्यात जिना कुठे आहे? पहाटेचं पाणी कुठे आहे? ते रकाने आपल्याला काय पाठवायचं आहे यासाठी केलेले आहेत. वही पाहुण्याला काय लागतं यासाठी होती.

तरीही सॉफ्टवेअर काढून टाकू नकोस. वहीचाही एक मोठा दोष होता आणि तो तुला फार महागात पडला. ती वही एकट्या बाबांना वाचता येत होती, आणि जे लिहिलेलं नव्हतं ते फक्त त्यांच्या डोक्यात होतं. बाबा आजारी पडले त्या दिवशी तुमच्या हॉटेलची आठवणच गेली. काकूंच्या जाण्याची बातमी घरात आलेली असूनही काउंटरपर्यंत पोचली नाही. आमच्याकडे कॉम्प्युटर यायच्या आधी गेस्ट हिस्टरी कार्डं असायची. पोस्टकार्डाएवढं जाड कार्ड, लोखंडी कपाटाच्या खणांत आडनावाप्रमाणे लावलेलं. रात्रपाळीचा माणूस उद्या येणाऱ्यांची कार्डं काढून ठेवायचा आणि सकाळची पाळी ती वाचूनच उभी राहायची. ते वाचणं महत्त्वाचं होतं. कपाट भरलेलं असून उपयोग नसतो.

त्या कार्डांवरची माझी एक चूक तुला सांगते, कारण तूही आता नोंदी लिहिणार आहेस. सांगलीकडचे एक व्यापारी महिन्याला एकदा यायचे आणि दर वेळी खोली बदलून मागायचे. मी त्यांच्या कार्डावर लिहिलं, ‘कटकट्या. मागच्या बाजूची खोली द्यावी.’ एके दिवशी ते समोर उभे असताना माझा फोन वाजला, मी कार्ड काउंटरवर ठेवून वळले. परत पाहिलं तेव्हा त्यांनी ते वाचून सरळ करून माझ्या बाजूला सरकवलं होतं. काही बोलले नाहीत. किल्ली घेतली, रात्र काढली, सकाळी बिल चुकतं केलं आणि पुन्हा कधी आले नाहीत. नंतर हाउसकीपिंगच्या मुलाकडून कळलं की त्यांना नेहमी मिळणाऱ्या खोलीत एसीचं पाणी उशाशी ठिबकायचं. त्यांनी ते एकदा सांगितलंही होतं. ते कार्डावर लिहिलं असतं तर एसी दुरुस्त झाला असता. मी माणसाला नाव ठेवलं आणि गळती तशीच राहिली.

तेव्हा घडलेलं लिहावं, स्वभाव लिहू नये. ‘एसी ठिबकतो म्हणून खोली बदलली’ असं. पाहुण्याने स्वतः वाचलं तरी चालेल असंच लिहायचं. आता तर कायद्यानेही माणसाला आपल्याबद्दल ठेवलेली माहिती मागायचा हक्क दिला आहे, त्या कायद्याबद्दल पुढे बोलू.

सॉफ्टवेअरमध्ये आज करायची पहिली गोष्ट म्हणजे आपोआप जाणारे सगळे मेसेज बंद करणं. वाढदिवसाचे, लग्नाच्या वाढदिवसाचे, ‘आम्हाला तुमची आठवण येते’वालेही. तारखा राहू देत, पण घंटा तुझ्याकडे वाजू दे, पाहुण्याकडे नको. ‘या काकांचं बुकिंग दरवर्षी माघात असतं, अजून फोन आलेला नाही’ हे सॉफ्टवेअरने तुला सांगावं. मग फोन करायचा की नाही, काय बोलायचं, हे तू ठरवायचंस. ‘उभयतां’ पाठवायच्या आधी तू एक क्षण जरी थांबली असतीस, बाबांना नुसतं नाव वाचून दाखवलं असतंस, तरी त्यांच्या डोळ्यांतून तुला कळलं असतं.

मग रकाने बदल. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये स्वतःचे रकाने घालता येतात, नाही आले तर शेरा लिहायची जागा असतेच. खोली कुठली आणि का. जेवणाचं. देवाचं, म्हणजे अभिषेक, दुर्गादेवीची ओटी, गुरुजी आपण सांगायचे की त्यांचे ठरलेले आहेत. पायांचं आणि तब्येतीचं, त्यांनी स्वतः सांगितलं असेल तेवढंच. आणि घरातली बातमी, कोणी सांगितली आणि कधी, या दोन गोष्टींसकट. गुहागरला हे फार कामाचं आहे. ज्यांचं कुलदैवत व्याडेश्वर, ती कुटुंबं समुद्र पाहायला येत नाहीत, कुलाचाराला येतात. आजोबा यायचे म्हणून नातू येतो. असं गिऱ्हाईक मिळावं म्हणून मोठमोठ्या हॉटेल कंपन्या पॉइंट आणि कार्डं वाटतात. तुझ्याकडे ते देवाने आणून दिलेलं आहे. सोळा खोल्यांना पॉइंटची योजना लागत नाही, त्यात पडू नकोस.

रोज संध्याकाळी उद्या येणाऱ्यांची यादी काढ आणि दहा मिनिटं चौघं एकत्र उभे राहा. तू, काउंटरवरचा मुलगा, स्वयंपाकघरातलं एक जण आणि खोल्या आवरणाऱ्या बाईंपैकी एक. प्रत्येक पार्टीमागे एकच वाक्य बोलायचं. ‘दोन नंबरला आजी आहेत, बाथरूममध्ये स्टूल ठेवा.’ खोल्या आवरणाऱ्या बाईंना यातून वगळू नकोस. पाहुण्याबद्दल सगळ्यात जास्त त्यांना कळतं. कुठली उशी जमिनीवर पडलेली असते, कुणी रात्री पंखा बंद करून पांघरूण दुहेरी घेतलं, कुणाच्या औषधांसाठी गरम पाणी लागलं, हे त्या सकाळी पाहतात. त्यांना लिहायला जमत नसेल तर फोनवर बोलून ठेवू दे, तू नंतर भर. आणि त्यांनी सांगितलेली गोष्ट पुढच्या वेळी खरंच केली गेली, हे त्यांना दिसलं पाहिजे. नाहीतर महिन्याभरात सांगणं बंद होईल.

काउंटरवरच्या मुलाला थोडा अधिकारही दे. रिट्झ-कार्लटन या हॉटेल कंपनीत कर्मचाऱ्याला वरिष्ठांना न विचारता एका पाहुण्यासाठी २००० डॉलरपर्यंत खर्च करायची मुभा असल्याचं जगजाहीर आहे. तुझ्याकडे ५०० रुपये पुरेत. गीझर चालला नाही, तर त्याने तुझ्या फोनची वाट न पाहता दुसरी खोली उघडून द्यावी, चहा पाठवावा आणि काय झालं ते लिहून ठेवावं. तक्रार तासाभरात मिटली तर पाहुणा ती कौतुकाने सांगतो. सकाळवर गेली तर ती गुगलवर वाचायला मिळते.

आता ते ३८०० नंबर. त्यातले बहुतेक जण एकदा आले आणि गेले, त्यांनी तुला मेसेज करायला सांगितलेलं नाही. वहीतली घरं वेगळी काढ. गेल्या तीन वर्षांत दोनदा आलेले वेगळे काढ. उरलेल्यांना काहीही पाठवू नकोस. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसच्या साध्या अ‍ॅपमधल्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण बसतात, आणि ज्यांनी तुझा नंबर आपल्या फोनमध्ये ठेवला आहे त्यांनाच तो मेसेज पोचतो. ही अट तुझ्या भल्याची आहे असं मी मानते. बाहेरच्या सॉफ्टवेअरमधून हजारोंना एकदम पाठवलं, लोकांनी ब्लॉक आणि रिपोर्ट केलं, की नंबर बंद होतो. तुझं बहुधा तेच झालं.

आपला नंबर माणसं कधी ठेवतात? त्यातून उपयोगाचं काही येतं तेव्हा. पुण्याहून येणारे कुंभार्ली घाट उतरून येतात, मुंबईहून येणारे परशुराम घाटातून. पावसाळ्यात बुकिंग असलेल्या पार्टीला आदल्या संध्याकाळी लिही, ‘कुंभार्ली घाट सुरू आहे, धुकं आहे, अंधाराच्या आत उतरा.’ दापोलीहून येणाऱ्याला धोपावे-दाभोळ फेरीबोटीची शेवटची वेळ कळव, रत्नागिरीकडून येणाऱ्याला जयगड-तवसाळची. चिपळूणला गाडी रात्री उशिरा पोचणार असेल तर रिक्षावाला ठरवून त्याचं नाव कळव. यात विकायचं काही नाही. पण असा मेसेज आलेला माणूस तुझं नाव फोनमध्ये घालून ठेवतो, आणि पुढच्या वर्षी साइट न उघडता तुलाच फोन लावतो.

इथेच साइटचा प्रश्न येतो. २८०० ची खोली, दोन रात्री, ५६०० रुपये. त्यावर २० टक्के म्हणजे ११२०, आणि कमिशनवरचा १८ टक्के जीएसटी धरला तर सुमारे १३२०. पहिल्या वेळी हे पैसे जाऊ देत. नागपूरच्या किंवा बेंगळुरूच्या माणसाला तुझं हॉटेल माहीत असायचं कारण नाही, साइटने ओळख करून दिली, त्याचे ते पैसे आहेत. तोच माणूस दुसऱ्यांदा साइटवरून आला तर मात्र चूक आपली. बऱ्याचदा साइट पाहुण्याचा खरा ईमेल देतच नाही, एक पडद्याआडचा पत्ता देते. म्हणून ओळख व्हायची ती काउंटरवरच. निघताना पाहुण्याला किल्लीसोबत साधं कार्ड दे, तुझा नंबर आणि त्याने राहिलेल्या खोलीचा नंबर लिहिलेलं. म्हण, ‘पुढच्या वेळी हीच खोली हवी असेल तर मला थेट फोन करा, मी ठेवीन.’ साइट त्याला ‘डीलक्स रूम’ देऊ शकते, समुद्राच्या वाऱ्याची पाच नंबरची खोली देऊ शकत नाही. ते फक्त तुझ्या हातात आहे.

दर पाडायची घाई नको. साइटबरोबरचा करार आधी नीट वाच, साइटवरच्यापेक्षा कमी दर दुसरीकडे द्यायचा नाही अशी अट त्यात असू शकते. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये मेकमायट्रिप-गोआयबिबो या बुकिंग साइटना २२३.४८ कोटींचा दंड केला, त्यात हॉटेलांवर दराच्या बाबतीत असल्या अटी लादल्याचंही कारण होतं, आणि त्या अटी करारातून काढायलाही सांगितलं. तरी तुझ्या कागदावर नेमकं काय आहे ते तुला पाठ हवं. माझ्या मते थेट येणाऱ्याला पैशांऐवजी वस्तू द्यावी. लवकर आलेल्याला खोली लवकर उघडून द्यावी, निघताना वाटेत खायला डबा द्यावा. दोनशे रुपयांची सूट लोक विसरतात, घाटात उघडलेली घावन-चटणी विसरत नाहीत.

परवानगीचं थोडक्यात सांगते, पण हलक्यात घेऊ नकोस. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. त्याचा तुझ्यापुरता अर्थ असा की पोलिसांच्या नियमासाठी रजिस्टरात घेतलेला नंबर ऑफर पाठवायला वापरायचा नाही. त्यासाठी वेगळं विचार, मराठीत, खूण करायला वेगळी चौकट ठेव, आणि ‘नको’ म्हटलं की त्याच दिवशी काढ. आधारच्या प्रती काउंटरच्या मोबाइलच्या गॅलरीत पडून असतील तर आधी त्या हलव. शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार मिळतं, ते माग. मॅरियटसारख्या कंपनीने नोव्हेंबर २०१८ मध्ये जाहीर केलं की तिने विकत घेतलेल्या स्टारवुडच्या बुकिंग यंत्रणेत २०१४ पासून कुणीतरी शिरलेलं होतं. कोट्यवधी पाहुण्यांची माहिती गेली, त्यात पासपोर्टचे नंबरही होते, आणि ब्रिटनमध्ये १.८४ कोटी पौंडांचा दंड झाला. जे आपल्याकडे नाही ते आपल्याकडून चोरीला जात नाही, म्हणून लागेल तेवढंच ठेव.

माहीत असलेली प्रत्येक गोष्ट बोलून दाखवायची नसते, हेही काउंटरवरच्या मुलाला शिकव. ‘मागच्या वेळी तुम्ही सोबत होता ना, त्या मॅडम नाही आल्या?’ या एका वाक्याने घरं मोडतात. नोंद असते ती पाणी वेळेवर तापवण्यासाठी, आपली स्मरणशक्ती दाखवण्यासाठी नाही. बाबांनी त्या सुनेच्या नोंदीत ‘विचारू नये’ असं लिहिलंय बघ.

उद्यापासून दुपारी चारला, चहा झाल्यावर, वही घेऊन बाबांजवळ बस. पहिल्या पानापासून नको, शेवटच्या पानापासून मागे ये, कारण शेवटच्या पानांवरची माणसं अजून येणारी आहेत. रोज पाच घरं, जास्त नको, ते दमतील. नाव वाच आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघ. हो-नाही त्यांना डाव्या हाताने सांगता येईल. जिथे त्यांचा हात थांबेल तिथे तू प्रश्न विचारत जा. आजारी आहेत? मुलगा परदेशी गेला? कोणी गेलं? कळेपर्यंत विचार आणि लगेच लिही. अक्षर लागलं नाही तर स्वयंपाकघरातल्या जुन्या माणसांना बोलाव, त्यांना पाहुण्याचं नाव आठवलं नाही तरी त्याचं ताट आठवेल. आणि काकांच्या नावापुढे आत्ताच लिहून ठेव, माघात येणार असतील तर नेहमीची खोली हवी की दुसरी, हे त्यांनाच विचारायचं.